फोनला तू दिसत नाहीस

सूनबाई, फोनवर योगाचा वर्ग लावून घरीच करायचं ठरवलंस, ते फार चांगलं केलंस. भूमला राहून रोज पहाटे बार्शीला नाहीतर धाराशिवला वर्गाला जाणं आपल्या घरातून कुणालाच जमायचं नाही. म्हशींच्या धारा, खव्याची भट्टी, पोरांचे डबे, नळ आला की भरायची पिंपं, यातून पाऊण तास काढायचा तर तो घरातच काढावा लागतो. पण सुरू करण्याआधी एक गोष्ट कानात घालून ठेव. फोनमधला शिकवणारा कितीही मोठा असो, त्याला तू दिसत नाहीस. तुझा गुडघा वाकडा गेला, मान आखडली, श्वास तोंडावाटे सुटला, तरी तो त्याच सुरात ‘छान, आणखी थोडं’ म्हणत पुढे जातो. ते तुला बघून म्हटलेलं नसतं. समोरच्या वर्गात गुरूचे डोळे जे काम करतात, ते घरी तुलाच करावं लागतं. बाकी मी जे सांगते ते सगळं यातूनच निघालेलं आहे.

पहिल्या दिवशी अंग हलवायचंच नाही. बसून अख्खा वर्ग बघायचा. कुठल्या आसनानंतर कुठलं येतं, उभ्याचं कधी संपतं, पालथं कधी व्हायचं, कुठे तो घाई करतो, हे सगळं पोराच्या जुन्या वहीत लिहून काढ. चित्र येत नसलं तरी काड्यांची माणसं काढता येतात. दुसऱ्या दिवसापासून कर, पण डोळ्यांनी बघत करायची सवय लावू नकोस, कानांनी ऐकत कर. बघत बघत केलं की प्रत्येक आसनात मान फोनकडे वळते. उभं असताना ते खपून जातं. सर्वांगासनात किंवा हलासनात मात्र शरीराचा भार मानेवर आणि खांद्यांवर आलेला असतो, आणि तेव्हा पडद्याकडे बघायला मान वळवणं धोक्याचं आहे. ही दोन आसनं तर फोनवरून पहिल्यांदा शिकूच नकोस. कुणी समोर उभं राहून शिकवेल तोवर ती बाजूला राहू दे.

फोन जमिनीवर ठेवू नकोस. डब्यावर, स्टुलावर, उभं राहिल्यावर नजर सरळ जाईल अशा उंचीवर ठेव. झोपून करायची आसनं आली की त्याच्याकडे बघायचंच नाही, वहीत लिहिलेला क्रम आठवायचा. रात्री रेंज चांगली असते तेव्हा वर्ग डाऊनलोड करून घे आणि फोन पूर्ण चार्ज करून ठेव, म्हणजे पहाटे लाईट गेली तरी अडत नाही. सकाळी फ्लाइट मोडवर टाक. शवासनात डोळे मिटलेले असताना दूधवाल्याचा फोन किंवा कर्कश जाहिरात कानात शिरली, तर छातीत धस्स होतं आणि केलेलं सगळं वाया जातं. शिकवणाऱ्याचा वेग जास्त वाटला तर तो पाऊणपट करता येतो, धाकट्याला विचार, तो दाखवेल. आणि थांबवायचं बटण हा तुझा हक्क आहे. वर्गात मध्येच थांबायला माणूस लाजतो, इथे लाजायचं कारण नाही. तीन श्वासांत जमत नसेल तर थांबव, सहा श्वास घे, मग पुढे जा.

उजव्या-डाव्याचा घोळ हमखास होतो. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो, आणि काही जण तर आरशासारखं उलटं करून दाखवतात. उजव्या मनगटाला लाल नाडा बांध. तो ‘उजवा’ म्हणाला की नाड्याचा हात. दिसतं त्यावर विसंबू नकोस.

आता कुठला वर्ग लावायचा ते. रोज नवा शोधायचा नाही. एकच निवडायचा आणि तो पाठ होईपर्यंत धरून ठेवायचा. मला विचारशील तर सुरुवातीला आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम घे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २१ जून २०१५ ला पहिला योग दिवस झाला, त्यासाठी तो बसवला होता. पाऊण तासाचा आहे. आधी मान, खांदे, कंबर, गुडघे सैल करणं, मग ताडासन-वृक्षासनासारखी उभी आसनं, मग बसून, मग पालथं, मग उताणं, शवासन, शेवटी श्वासाचे प्रकार आणि ध्यान. त्यात अवघड असं फार नाही, आणि कुणी काय करू नये हे लिहून दिलेलं आहे, म्हणून मला तो पटतो. त्याशिवाय लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे, मुंबईला सांताक्रूझचं योग इन्स्टिट्यूट आहे. त्यांचंही शिकवणं फोनवर मिळतं. योग इन्स्टिट्यूट योगेंद्रजींनी १९१८ साली काढलं, कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली. कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्यांचे क्ष-किरण फोटो काढले, पोटातला दाब मोजला, आणि ‘योगमीमांसा’ नावाच्या त्रैमासिकात ते छापलं. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी मोजून बघण्याचा आग्रह धरला, त्यांच्या घरचा वर्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. तीस दिवसांत पोट सपाट करून देतो म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नकोस.

गुरू जवळ नसताना शिकणं ही काही आजची गोष्ट नाही. बी. के. एस. अय्यंगारांना त्यांच्या गुरूंनी १९३७ साली पुण्याला पाठवलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. गुरू म्हैसूरला आणि हे पुण्यात. एकट्यानं तासन् तास करून, स्वतःच्या शरीरावर तपासून त्यांनी ती विद्या वाढवली. त्याच माणसानं पुढे १९६६ साली ‘लाइट ऑन योगा’ लिहिलं. त्यात सहाशेच्या आसपास फोटो आहेत, आणि जगात कितीतरी लोक ते पुस्तक समोर उघडं ठेवून घरी शिकले. त्या पुस्तकाच्या शेवटी आसनांचा क्रम लावून दिला आहे, आणि तो ३०० आठवड्यांचा आहे. हिशेब कर, पावणेसहा वर्षं झाली. घरी एकट्यानं शिकणाऱ्याला किती धीर धरावा लागतो हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्याच्याही आधी औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळाशाळांत नेले. १९३८ साली लंडनला त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि तिकडची माणसंही ते वाचून आपापल्या खोलीत नमस्कार घालायला लागली. पुस्तकालाही शिकणारा दिसत नव्हता. पण पुस्तकाचा एक गुण होता, ते तुझ्यासाठी थांबायचं. फोन आपणहून थांबत नाही, म्हणून त्याला थांबवायला शिक.

जागेचं सांगते. ‘हठप्रदीपिके’त योग्याची खोली कशी असावी ते दिलंय. लहान दाराची, सपाट जमिनीची, शेणानं सारवलेली, स्वच्छ, किडामुंगी नसलेली. खिडकी नको असंही म्हटलंय, पण ते आपण सोडून देऊ, आपल्याकडच्या उन्हाळ्यात वारा हवाच. मधल्या खोलीत भिंतीला लागून जागा घे. शहाबादी फरशीवर उभी आसनं अनवाणी कर. सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते आणि त्रिकोणासनात पाय फाकवलेला असताना सरकली तर जांघेत लचक भरते. बसायला, झोपायला मात्र खाली जाड काहीतरी हवंच. थंडीत ती फरशी बर्फ होते, तेव्हा वाकळ घाल. उन्हाळ्यात पहाटे माळवदावर करावंसं वाटेल. जरूर कर, पण एका पायावर तोल सांभाळायची आसनं कठडा नसलेल्या ठिकाणी करायची नाहीत.

विकत काही आणायची घाई नको. अय्यंगारांच्या पुण्याच्या संस्थेत दोऱ्या, विटा, लोड, खुर्च्या असा पसारा असतो, आणि तो सगळा शरीराला आधार द्यायला. आपल्या घरात ते सगळं आहे. भाजकी वीट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून शिवून टाक, त्रिकोणासनात हात जमिनीला पोचत नसेल तर तिच्यावर टेकव. सोलापुरी चादर चौपदरी करून बसताना बुडाखाली घे, पाठ आपोआप सरळ होते. वज्रासनात गुडघा ओरडत असेल तर तीच चादर पोटरी आणि मांडीच्या मध्ये घाल. तरीही दुखलं तर वज्रासन करू नकोस, खुर्चीवर बस. जुन्या साडीचा काठ फाडून पट्टा कर, उताणं पडून पाय वर घेताना तळव्याला अडकवायला उपयोगी पडतो. आणि सगळ्यात मोठा आधार म्हणजे भिंत. वृक्षासन भिंतीपाशी कर, बोट टेकवून.

भट्टीवरच्या बायकांच्या अंगाचं मला जास्त सांगायचं आहे, कारण ते तुझ्या फोनमधल्या माणसाला ठाऊक नाही. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण किलोभर खवा होतो, आणि तो होईपर्यंत कढईवर वाकून हात थांबवता येत नाही, थांबला की दूध लागतं. भूम-कुंथलगिरीच्या खव्याचं नाव लांबवर झालं, ते अशा हातांवर. वर्षानुवर्षं एकाच हातानं ढवळलं की उजवा खांदा पुढे आणि वर येतो, मान त्या बाजूला ओढली जाते, पाठीच्या मधोमध गाठ बसते. ढवळायची यंत्रं आली तरी सगळ्यांकडे आलेली नाहीत. अशा अंगाला आणखी पुढे वाकायची आसनं सारखी देत राहिलं तर दुखणं वाढतं. दिवसभर तू पुढेच वाकलेली असतेस. तुला मागे उघडणारी आसनं हवीत, आणि तीही हलकी. भुजंगासन कर, पण हातांवर जोर देऊन छाती उचलू नकोस. पाठीच्या बळावर जेवढी उठेल तेवढीच, बेंबी जमिनीलाच राहू दे. शलभासनात दोन्ही पाय एकदम उचलायच्या आधी काही आठवडे एकेक पाय उचल. सेतुबंधासन तुला मानवेल. मध्ये मध्ये मकरासनात पडून राहा. आणि डावी बाजू आधी कर, नेहमी. उजवी दिवसभर कामात असते. डावीला आधी वेळ मिळाला की दोन्ही बाजू हळूहळू बरोबरीला येतात.

संध्याकाळी भट्टी विझली की भिंतीला बूड लावून उताणी पड आणि पाय भिंतीवर सरळ टेकव. पाच-दहा मिनिटं. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत भरलेली जडता उतरते. याला फोनही लागत नाही.

ताडासनाला बायका सोपं म्हणून सोडून देतात. ते कसं करायचं हे बघायला कुंथलगिरीला जा, आपल्याच तालुक्यात आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र.  तिथल्या जैन मंदिरात कायोत्सर्गातली उभी मूर्ती नीट बघ. दोन्ही पायांवर सारखा भार, हात अंगापासून किंचित सुटे, खांदे खाली, हनुवटी ना वर ना खाली. तसं नुसतं उभं राहायला जमलं तरी कमरेचं अर्धं दुखणं कळून येतं, कारण आपण एकाच पायावर रेलून उभ्या असतो हे त्याच वेळी लक्षात येतं.

वेळ पहाटेचीच बरी, आणि भट्टी पेटायच्या आत. लाकडाचा धूर घरात फिरायला लागला की प्राणायाम करायचा नाही. खोल श्वास घेऊन धूरच आत घ्यायचा, त्यात काय हशील? पोट रिकामं हवं. जेवणानंतर चार तास तरी जाऊ देत, चहानंतर अर्धा-पाऊण तास. उपाशी गरगरत असेल तर कोमट पाण्यात चमचाभर मध घे. झाल्यावर लगेच अंघोळीला किंवा न्याहारीला बसू नकोस, वीस-तीस मिनिटं जाऊ देत. ‘घेरंडसंहिते’त योगाची सुरुवात वसंतात किंवा शरदात करावी असं सांगितलंय, कडक उन्हाळ्यात, ऐन थंडीत किंवा पावसाळ्यात नको. तू घटस्थापनेच्या तोंडावर सुरू करते आहेस, हे बरं झालं. मात्र नवरात्राचे निरंकार उपास धरणार असशील तर ते नऊ दिवस नुसतं सैल करणं आणि शवासन एवढंच ठेव.

श्वासाकडे तुझं लक्ष सगळ्यात जास्त हवं, कारण फोनला तो ऐकूच येत नाही. शिकवणारा म्हणतो ‘पाच श्वास थांबा’. त्याचा श्वास वीस वर्षांच्या सरावानं लांब झालेला आहे, तुझा त्याच्या निम्मा आहे. तू तुझे पाच मोज. श्वास नाकानंच घ्यायचा आणि नाकानंच सोडायचा. तोंड उघडायला लागलं, श्वास अडला, किंवा चेहरा आवळला गेला, की आसन शरीराच्या पुढे गेलं असं समज आणि हळूच बाहेर ये. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या आहेत, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. या दोन्ही गोष्टी फक्त तुला आतून कळतात. ओढ बसणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मांडीच्या मागे, पाठीच्या स्नायूंत रुंद ओढ बसते ती चालते. सांध्यात एका जागी टोचलं, चमक निघाली, पायात मुंग्या उतरल्या, की तिथेच थांब आणि दुसऱ्या दिवशी ते आसन गाळ.

नाडीशोधन कर, पण सुरुवातीला श्वास रोखून धरू नकोस. भ्रामरी बहुतेकांना मानवते. कपालभातीचे आकडे ऐकून घाबरू नकोस आणि त्यांच्या मागे धावूही नकोस. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातला व्रण, फिट येणं, चक्कर, यातलं काहीही असेल तर ती करायचीच नाही. शेजारच्या काकूंना रक्तदाब आहे आणि त्या तुझ्याबरोबर बसायचं म्हणत आहेत. त्यांना उष्ट्रासन आणि खाली डोकं करायची आसनं देऊ नकोस. डोळ्यांत काचबिंदू असलेल्यांनाही डोकं खाली नको. शीतली उन्हाळ्यात छान वाटते, सर्दी-खोकल्यात ती बंद. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी दोन-तीन महिने भुजंगासन करू नये असं आयुषच्या अभ्यासक्रमातच म्हटलंय. सिझेरियन झालेल्या लेकीसुनांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही. आणि गरोदरपणात फोनवरून नाहीच. तेव्हा समोर जाणकार बाई हवी.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. आठवड्यातून एकदा फोन उलटा फिरव. त्यानं तुला शिकवण्याऐवजी तुझंच चित्रण करू दे. धाकट्याला सांग, बाजूनं धर, अख्खं अंग दिसेल असं. मग रात्री एकटीनं बघ, शिकवणाऱ्याच्या शेजारी ठेवून. सेतुबंधासनात गुडघे बाहेर पडतात का, त्रिकोणासनात छाती जमिनीकडे झुकते का, भुजंगासनात खांदे कानांना चिकटतात का. आतून सरळ वाटणारं अंग बाहेरून किती वेगळं असतं ते तिथे कळतं. एका वेळी एकच दुरुस्ती पकड आणि पुढचा आठवडाभर तेवढीच सांभाळ. ती चित्रं कुणाला पाठवायची नाहीत, कुठे टाकायची नाहीत, बघून झालं की पुसून टाकायची.

शवासन कापू नकोस. पोरं उठायच्या आत उरकायचं म्हणून सगळ्या बायका तेच कापतात. वेळ कमी असेल तर चार आसनं कमी कर, वीस मिनिटांचंच कर, पण शेवटची पाच मिनिटं पडून राहायचीच. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधारानं ऊठ, सरळ झटक्यानं नको. तेवढ्या वेळात दार मी बघते, दूध मी मोजून घेते, नळाला पाणी आलं तर कळशी मी लावते. मालकांना आणि पोरांना मी सांगून ठेवलंय. खोलीचं दार ओढून घेत जा.

पाडव्यापर्यंत क्रम पाठ होईल. मग आठवड्यातले काही दिवस फोन बंद ठेवून कर आणि अधूनमधून पुन्हा लावून ताडून बघ, विसरलेलं लगेच ध्यानात येतं. वहीच्या मागच्या पानांवर शंका लिहीत जा, कुठल्या आसनात काय होतं, कुठे अडतं, कुठे भीती वाटते. पुण्याला तुझ्या बहिणीकडे जाशील तेव्हा ती वही घेऊन एखाद्या जुन्या जाणत्या शिक्षिकेकडे जा, तिच्यासमोर सगळं करून दाखव आणि एकेक शंका विचारून घे. फीची काळजी करू नकोस, ती मी देईन.